‘हा कोण?’पासून ‘कुठे?’पर्यंत

डिसेंबर लागला की साकोलीजवळच्या शिवनीबांधवर, भंडारा शहराबाहेर रावणवाडीच्या तलावावर, पवनीकडे गोसीखुर्दच्या फुगवट्यावर पाहुणी बदकं उतरतात आणि जिल्ह्यातल्या पक्षीवेड्यांचे मोबाईल वाजायला लागतात. कुणीतरी सकाळच्या धुक्यातला लालसरीचा थवा टिपून गटावर टाकतो. त्याखाली आठदहा अंगठे उमटतात, जोडलेले हात उमटतात, आणि मग तो एक शब्द येतो: ‘लोकेशन?’ त्याला उत्तर मिळालं नाही तर थोड्या वेळाने दुसरा कुणी विचारतो. तिसरा थेट फोन करतो.

हे गट लहान होते तेव्हा अशा फोटोखाली वेगळा प्रश्न असायचा: ‘हा कोण?’ फोटो बहुधा वाईट असायचा. पाठमोरा पक्षी, अर्धा गवतात, उजेड उलटा. गटातले जाणते मग चोचीकडे बघा म्हणायचे, पंखावरची पट्टी पांढरी की पिवळसर ते विचारायचे, उडताना शेपूट कशी दिसली ते आठवायला लावायचे. एका पाणटिवळ्यावरून वाद दोन दिवस चालायचा. त्या वादात नवा माणूस पक्षी ओळखायला शिकायचा. जागा विचारायची गरजच नसायची, कारण गटातल्या सगळ्यांना एकमेकांचे तलाव पाठ असायचे.

छंदाचा गट वाढला की काय बदलतं, याची चर्चा बहुतेकदा भाषेवर येऊन थांबते. पूर्वी लोक सभ्य होते, आता सुप्रभातचे फोटो टाकतात, वगैरे. मला तो बदल वरवरचा वाटतो. खरा बदल या दोन प्रश्नांमध्ये आहे. ‘हा कोण?’ विचारणाऱ्याला पक्ष्याविषयी जाणून घ्यायचं असतं. ‘कुठे?’ विचारणाऱ्याला तिथे पोचायचं असतं. आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जिथे पाणी आणि जंगल दोन्ही गावाला लागून आहेत, तिथे पोचणं फार सोपं आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला तेव्हा नवेगावबांध, नागझिरा ही नावं कागदोपत्री तिकडे गेली, पण तलावांची परंपरा दोन्हीकडे एकच आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने उतार पाहून पाळी घातल्या, पाणी अडवलं, त्यावर धान पिकवलं. ते मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या आजही धानाला पाणी देतात. मासेमारी ढिवरांची. पाण्यातल्या वनस्पती, त्यात लपणारे मासे, त्यावर जगणारे पक्षी यांचं सर्वांत बारीक ज्ञान याच लोकांकडे होतं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिले, तेव्हा त्यांनी पुस्तकांइतकंच या माणसांकडून घेतलं आणि ते मराठीत आणलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्या दिवशी प्रत्येक गटावर श्रद्धांजलीची रांग लागली होती. ज्यांच्याकडून चितमपल्ली शिकले त्यांची मुलं-नातवंडं त्या गटांवर किती आहेत, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. तो मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे मी येणार आहे.

मोबाईलच्या आधीही पक्षीवेड्यांचं जाळं होतंच. झफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटं इंग्रजी वार्तापत्र सुरू केलं. देशभरातले हौशी लोक त्यात आपापल्या नोंदी पाठवायचे. महाराष्ट्रात १९८१ पासून पक्षिमित्र संमेलनं भरू लागली. वर्षातून एकदा माणसं भेटायची, वह्या उघडायची, उरलेलं वर्ष पोस्टकार्डांवर जायचं. या व्यवस्थेचा एक गुण तेव्हा कुणाच्या ध्यानातही आला नसेल. ती संथ होती. घरट्याची बातमी छापून येईपर्यंत पिल्लं उडून गेलेली असायची. बातमी वाचून कुणी निघालाच, तरी त्याला रिकामं घरटं सापडायचं. पक्ष्याचं रक्षण करायला कुणाला नियम करावा लागला नाही. टपालखात्याचा वेगच पुरेसा होता.

तो वेग दोन-तीन वर्षांत बदलला, आणि कशामुळे बदलला ते तारखांनिशी सांगता येतं. व्हॉट्सॲपच्या गटात आधी पन्नास माणसं मावायची. २०१४ च्या अखेरीस शंभर झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मर्यादा २५६ वर गेली. २०१५ मध्ये निकॉनचा पी-९०० आला, ८३ पट जवळ आणणारा. तोवर दूरच्या बदकाचा डोळा दिसेल असा फोटो काढायचा तर लाखाच्या घरातली लेन्स लागायची. आता पाळीवर उभं राहून तलावाच्या मध्यावरचा पक्षी टिपता येऊ लागला. शाळामास्तर, बँकेतले कारकून, मेडिकल दुकानवाले यांच्या गळ्यात कॅमेरे आले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि तो फोटो घरी पोचायच्या आधी, पाळीवरूनच पाठवता येऊ लागला.

पन्नास जणांच्या गटात प्रत्येक माणूस प्रत्येकाला ओळखतो. कुणाच्या फोटोवर विश्वास ठेवायचा, कुणाच्या ठेवायचा नाही, कुणाला घरट्याची जागा सांगितली तर तो चार मित्रांना घेऊन जाईल, हे सगळं ठाऊक असतं. अडीचशेच्या गटात निम्म्याहून जास्त माणसं कधीच बोलत नाहीत. ती वाचतात. बोलणाऱ्याला वाटतं आपण त्याच वीस जणांशी बोलतोय, कारण उत्तरं त्याच वीस जणांची येतात. सवय जुन्या गटाची आणि ऐकणारे नव्या गटाचे, असा हा गुंता आहे. बहुतेक नुकसान इथे होतं, आणि ते करणारा माणूस वाईट नसतो. तो फक्त पूर्वीइतक्याच मोकळेपणाने बोलत असतो.

याच काळात भंडारा-नागपूरच्या सीमेवर जय नावाचा वाघ होता.

जय नागझिऱ्याचा. तो आणि त्याचा भाऊ वीरू, ‘शोले’वरून ठेवलेली नावं. २०१३ मध्ये जय नागझिरा सोडून शंभराहून अधिक किलोमीटर चालत उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला. वाटेत शेतं, रस्ते, गावं. अभयारण्य तेव्हा नवं होतं, कुणाला फारसं माहीत नव्हतं. दोन वर्षांत जय देशातला सर्वांत जास्त फोटो काढला गेलेल्या वाघांपैकी एक झाला. त्याचा आकार, त्याची बेफिकीर चाल, रस्त्यावर जिप्सीसमोर बसून राहणं, हे सगळं फोटोत उतरायला सोपं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली. ती बिघडली, मार्च २०१६ मध्ये दुसरी लावली. १८ एप्रिल २०१६ नंतर तिचा संदेश आला नाही. जय पुन्हा दिसला नाही.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वन्यजीवांचे गट वेड्यासारखे वाढले. जयला कधीही न पाहिलेली माणसं त्याच्यासाठी सामील झाली. वनखात्याचे कर्मचारी आणि स्वयंसेवक जंगल धुंडाळत होते, सीबीआय चौकशीची मागणी झाली, आणि गटांवर रोज नवा माग निघत होता. अमक्या नाल्याजवळ पंजा दिसला, तमक्या गावात डरकाळी ऐकली, हा बघा फोटो. फोटो जुना असायचा. तो जुना आहे हे पट्ट्यांवरून सांगू शकणारे लोक गटावर होते, त्यांनी सांगितलंही, पण तोवर तो फोटो पाच गटांवर गेलेला असायचा. पन्नासांच्या गटात चूक दुरुस्त व्हायची कारण चूक करणारा आणि दुरुस्त करणारा समोरासमोर असायचे. इथे चूक पुढे पळायची आणि दुरुस्ती जागेवरच राहायची. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जयचा बछडा श्रीनिवास नागभीडकडे कुंपणातल्या विजेच्या धक्क्याने मेला. शेताच्या तारेत वीज सोडणं हे इथल्या वाघांचं नेहमीचं मरण आहे. त्यावर गटांत बोललं गेलं, पण जयइतकं नाही. श्रीनिवासचे फोटो कमी होते.

यानंतर मी ‘कुठे?’ या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडलाच्या गोठणगाव भागात एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी सफारीची वाहनं येऊन उभी राहिली. वाघिणीला आणि पिल्लांना बाहेर पडायला जागा उरली नाही. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जिप्सीचालक आणि गाईड निलंबित झाले, दंड बसला. कारवाई योग्यच होती. पण ते चालक आणि गाईड आसपासच्या गावांतले, हंगामी मिळकतीवर जगणारे लोक आहेत. पाहुण्याला पाच बछडे एका चौकटीत हवे असतात, कारण आदल्या आठवड्यात कुणीतरी तो फोटो गटावर टाकलेला असतो. ती मागणी पुण्या-मुंबईत, नागपुरात, आणि भंडाऱ्यातही, मोबाईलवर तयार होते. दंडाची पावती फाटकावर फाडली जाते.

गट वाढल्याने बिघडतात ही तक्रार नवी नाही आणि पक्ष्यांपुरतीही नाही. इंटरनेटच्या सुरुवातीच्या चर्चागटांत दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांतली नवी मुलं यायची, महिनाभर गोंधळ घालायची, मग रुळायची. १९९३ च्या सप्टेंबरनंतर घरगुती ग्राहकांचा लोंढा असा आला की रुळण्याचा महिना संपलाच नाही. जुने लोक आजही त्याला न संपलेला सप्टेंबर म्हणतात. मराठीत ‘मायबोली’ १९९६ मध्ये सुरू झाली, ‘मनोगत’ २००४ मध्ये, ‘मिसळपाव’ २००७ मध्ये. एका ठिकाणची शिस्त न रुचलेले लोक उठून दुसरं घर मांडतात हे मराठी वाचकाने जवळून पाहिलंय. विकिपीडियाची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ च्या सुमारास सर्वाधिक होते, नंतर घटत गेले. अभ्यासकांना कारण सापडलं ते असं: गर्दीपासून दर्जा वाचवण्यासाठी जी यंत्रं आणि नियम केले, त्यांनी चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांनाही पहिल्याच दिवशी परत पाठवलं. म्हणजे दार सताड उघडं ठेवलं तरी घर मोडतं आणि फार घट्ट लावलं तरी मोडतं. आपल्याकडचे ॲडमिन या दोन्हीच्या मध्ये रोज लटकलेले असतात, आणि त्याचे त्यांना पैसे मिळत नाहीत. या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे.

‘हा कोण?’ हा प्रश्न गटांवरून जाण्याला आणखी एक कारण आहे आणि ते लोकांच्या वागण्यात नाही. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे ॲप फोटो पाहून नाव सुचवतं. २०२१ मध्ये त्याला आवाज ओळखायला शिकवलं गेलं, आधी अमेरिकेतल्या पक्ष्यांचे, पुढे आपल्याकडचेही. पाळीवर उभं राहून फोन पुढे धरला की कोण ओरडतंय ते पडद्यावर येतं. ज्या प्रश्नावर गट उभे होते त्याचं उत्तर खिशात आलं. मग गटाने करायचं काय? उरलं ते दाखवणं. दाखवण्यामागोमाग ‘कुठे?’ येतोच. ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाही. गावातली एखादी मुलगी आज कुणाही जाणत्याची मिनतवारी न करता पक्षी शिकू शकते, ही मोठी गोष्ट आहे. पण शिकवण्यातून जे नातं जमायचं, आणि त्या नात्यातून जो विश्वास, त्याच्या जागी अजून काही आलेलं नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला मनापासून मांडायची आहे, कारण लहान गटांच्या आठवणीत रमणं सोपं आहे. लहान गटाला देश मोजता येत नाही. इ-बर्ड २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, २०१४ मध्ये त्याचं भारतीय रूप आलं. तिथे नुसता फोटो टाकायचा नसतो, यादी द्यायची असते. किती वाजता गेलात, किती वेळ होतात, किती चाललात, आणि दिसलेला प्रत्येक पक्षी. कावळासुद्धा. बगळासुद्धा. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा पहिला अहवाल २०२० मध्ये आला तेव्हा त्यामागे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदी होत्या. २०२३ च्या अहवालामागे सुमारे ३०,००० निरीक्षक आणि तीन कोटींहून जास्त नोंदी होत्या. तीन वर्षांत माणसं जवळपास दुप्पट झाली आणि त्यामुळे अहवाल ८६७ जातींवरून ९४२ जातींपर्यंत पोचला. कुठला पक्षी कमी होतोय हे सांगायला आधार मिळाला. इथे वाढ हेच बळ ठरलं.

तीच माणसं, तोच छंद, मग इथे गर्दीने बिघाड का केला नाही? माझ्या मते तीन गोष्टींमुळे. पहिली, कावळ्याची नोंद आणि दुर्मीळ पाहुण्याची नोंद यांना यादीत सारखीच जागा. फक्त भारी ते टाकलं तर यादी अपूर्ण ठरते. दुसरी, अवेळी किंवा अनपेक्षित जागी दाखवलेला पक्षी आपोआप अडकतो आणि त्या भागातला स्वयंसेवक तपासनीस विचारतो: कशावरून? हा जुना ‘हा कोण?’चाच वंशज आहे, फक्त तो आता एकेकट्याला विचारला जातो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: काही संवेदनशील जातींची नेमकी जागा सर्वांना दाखवलीच जात नाही. नोंद होते, मोजणीत धरली जाते, नकाशावर धूसर राहते. मोठ्या गटाने गुपित कसं राखायचं याचं हे उत्तर आहे, आणि ते कुणाच्या सद्भावनेवर सोपवलेलं नाही.

आपले व्हॉट्सॲप गट यातलं थोडं थोडं उचलू लागले आहेत. घरट्याचे फोटो बंद. घुबडाची जागा सांगायची नाही. फेसबुकवरच्या मोठ्या भारतीय पक्षिगटांनी घरट्यांवर बंदी आधीच घातली होती. हे करताना एक तांत्रिक बाब बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. फोटो नेहमीसारखा पाठवला तर व्हॉट्सॲप त्यातली जागेची माहिती काढून टाकतं. पण दर्जा टिकावा म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला, की मोबाईलने नोंदवलेले अक्षांश-रेखांश त्यात जसेच्या तसे जातात. तोंडाने जागा लपवणारा माणूस अशा वेळी फाईलमधून पत्ता देऊन बसतो.

२०२२ मध्ये व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. त्याचा परिणाम उलटा झालेला मी पाहतो आहे. मोठा गट आता सूचनाफलक झाला आहे: गणना कधी, सहल कधी, कुणाचं व्याख्यान. खरं बोलणं पुन्हा दहा-पंधरा जणांच्या लहान गटांत गेलं आहे. मला हे चांगलं वाटतं आणि त्याची काळजीही वाटते, कारण लहान गटात कोण घ्यायचं हे ओळखीवर ठरतं, आणि ओळख जात, शहर, शिक्षण यांच्याच वाटेने चालते.

इथे ढिवरांकडे यायला हवं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव परिसरात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ आणि मनीष राजनकर यांनी ढिवर मच्छीमारांबरोबर तलावांवर बरीच वर्षं काम केलं आहे. बेशरमचं तण उपटलं, तळाची जमीन तयार केली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, स्थानिक मासे परत आणले. कुठली वनस्पती किती खोल पाण्यात रुजते, कुठल्या माशाला ती लागते, हे सांगणारे ढिवर होते. मासा आला की पक्षी येतो. ज्या तलावावर कमळपक्षी पानांवरून चालताना टिपायला छायाचित्रकार जातात, तिथे ती पानं असण्यामागे कुणाचे हात आहेत, ते फोटोखाली कुणी लिहीत नाही.

सारसाच्या बाबतीत ही उणीव थेट जिवावर बेतते. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदियात, आणि भंडाऱ्यात अगदी मोजके उरले आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये, रोवणी झालेल्या धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या कडेच्या गवतात तो घरटं करतो. अंडी बहुधा दोन. महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. एवढा उंच पक्षी उघड्या शेतात लपत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याचा पत्ता शेतकऱ्याला माहीत असतो. गोंदियातल्या ‘सेवा’ या संस्थेने शेतकऱ्यांना सोबत घेऊनच सारसांची गणना रुजवली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या झाल्या. विजेच्या तारा, कीटकनाशकं, बुजणाऱ्या पाणथळ जागा हे विषय तेव्हा निदान सरकारी कागदावर आले.

मोठ्या गटावर सारसाच्या घरट्याचा पत्ता गेला तर काय होतं, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. रविवारी धुऱ्यावर मोटारसायकली लागतात. पऱ्हे तुडवले जातात. पक्षी घरट्यावरून उठतो आणि तेवढ्यात कावळा येतो. शेतकरी वैतागतो, आणि त्याच्या रागाची किंमत पुढल्या वर्षी सारसाला मोजावी लागते. म्हणून जागा दहाबारा जणांतच ठेवायची, ही समजूत आता बरीचशी रुजली आहे, आणि ती बरोबर आहे. पण ते दहाबारा जण कोण, हे मी ज्याला त्याला विचारतो. उत्तरात डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात, वनखात्यातले अधिकारी असतात, चांगल्या लेन्सवाले दोघे असतात. ज्याच्या बांधीत ते घरटं आहे तो माणूस बहुधा नसतो. त्याच्याकडे साधा फोन असेल तर रोज संध्याकाळी कुणीतरी त्याला फोन करून विचारावं, आज पक्षी उठला होता का, बांधीत पाणी किती आहे, फवारणी कधी करणार. येत्या पावसाळ्यापासून एवढं सुरू करायला कुठल्याही नव्या ॲपची गरज नाही. ॲडमिनने त्याचा नंबर मागून घ्यायचा आहे.